स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद करायच्या आहेत. मुंबईत काय जमतं, काय नाही?

शुभदा_गोरेगाव
नमस्कार मंडळी. खाण्याच्या वस्तू ज्या पातळ पिशव्यांतून घरी येतात आणि घरी आल्यावर ज्या पिशव्यांत घालून फ्रिजमध्ये जातात, त्या दोन्ही मला बंद करायच्या आहेत. बाजाराच्या मोठ्या पिशवीबद्दल मी बोलत नाहीये. ती कापडीच आहे, आईच्या वेळेपासून. पण तिच्या आत काय असतं? कोथिंबीर एका पिशवीत, आलं-मिरच्या दुसऱ्या, सुटं पनीर तिसऱ्या, इडलीचं पीठ चौथ्या.

राज्यात कॅरीबॅगवर २३ जून २०१८पासून बंदी आहे. पातळ पदार्थ भरायचे पाऊचसुद्धा त्याच अधिसूचनेत होते. देशभरात १ जुलै २०२२पासून स्ट्रॉ, चमचे, प्लेटा गेल्या. तरी संध्याकाळी स्टेशनबाहेर भाजीच्या गाडीखाली पिशव्यांचा गठ्ठा दिसतोच.

सगळ्यात जास्त छळतं ते गरम पदार्थांचं. सांबार पार्सल मागितलं की काउंटरवरचा माणूस पातळ पिशवी बोटांनी चोळतो, तोंडाने फुंकून उघडतो, त्यात वाफाळतं सांबार पळीने ओततो आणि वर दोरा गुंडाळून देतो. हातात घेईपर्यंत पिशवी मऊ पडलेली असते. चटणीचं तेच, ऑफिसखाली चहाचं तेच. हे मुलांच्या पोटात जातंय, याचा मला मनापासून त्रास होतो.

तर अनुभव हवेत. घर वन बीएचके, फ्रिज लहान, फ्रीझर त्याहून लहान. पालेभाजी, मासे, फ्रीझरमधलं सामान आणि मुख्य म्हणजे पावसाळा, यांचं तुम्ही काय करता? सिलिकॉनच्या पिशव्यांच्या किमती बघून हात आखडला आहे. खरंच घ्याव्यात का?

खवय्या_दादर
चांगला धागा. माझं एकच सांगणं: आधी काहीही विकत घेऊ नका. घरात डबे भरपूर असतात, फक्त झाकणं शोधायची असतात.

सायली_कां
फ्रीझरचं मी सांगते, कारण माझं अर्धं घर फ्रीझरवर चालतं. थंडीत मटार स्वस्त झाले की पाच किलो सोलून ठेवते, खवलेलं खोबरं, आलं-लसूण वाटण, पुरण, सगळं आत. आधी स्टीलचे गोल डबे लावून बघितले. जागा खातात आणि वाटण घट्ट बसलं की चमच्याने खणावं लागतं.

आता चौकोनी, उथळ डबे वापरते. खोबरं पातळ थरात पसरून गोठवायचं, सुरीने वड्या पाडायच्या आणि मग एकाच डब्यात रचायच्या. वाटणाचं तसंच, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून. पातळ पदार्थ काचेच्या बरणीत ठेवत असाल तर वर दोन बोटं जागा सोडा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, गळ्यापर्यंत भरलेली बरणी तडकते.

आणि घरात आधीच असलेल्या झिपच्या जाड पिशव्या फेकू नका! धुवा, उभ्या पळीवर उलट्या टांगा, वाळवा, परत वापरा. फाटेपर्यंत चालतात. कच्च्या मासे-मटणाची पिशवी मात्र परत वापरायची नाही.

मंदार_ठाणे
आमच्याकडे आइस्क्रीमच्या डब्यातून खरंच आइस्क्रीम निघालं तर घरातले दचकतात. एरवी मटार किंवा वाल.

जुई_माहीम
@मंदार, आमच्याकडे बिस्किटांच्या गोल डब्यात सुईदोरा.

शुभदाताई, पालेभाजीसाठी मलमल. जुनं धोतर किंवा बाळाची लंगोटं, दुपटी असतील तर उत्तमच. लांबट पिशवी शिवायची, शिवण दुहेरी घालायची म्हणजे धुताना दोरे निघत नाहीत, वर नाडी.

आता नुसत्या कोरड्या कापडात कोथिंबीर ठेवली तर दुसऱ्या दिवशी सुकते, आणि मग लोक म्हणतात कापडाने काही होत नाही. त्याचं तंत्र असं. जुडी आणली की दोरा सोडायचा, पिवळी पानं काढायची, मुळं कापायची, पण धुवायची नाही. पंख्याखाली अर्धा तास पसरायची, बाजारातलं पाणी उडून जातं. मग मलमलची पिशवी ओली करून घट्ट पिळायची, इतकी की एक थेंब पडता कामा नये. त्यात कोथिंबीर सैल भरायची आणि पिशवी झाकणाच्या डब्यात आडवी. दोन-तीन दिवसांनी पिशवी पुन्हा ओली करून पिळायची. माझी कोथिंबीर आठवडाभर हिरवीगार राहते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून देठाकडून जी काळी चिकट होते, ते होत नाही.

मेथी-पालक निवडून कोरड्या कापडात, मग डब्यात. मिरच्यांची देठं काढायची. कढीपत्ता काचेच्या बरणीत. लिंबं पण.

गिरगावकर_काका
आमच्या चाळीत हे सगळं होतंच की. आरे केंद्रावरून दूध काचेच्या बाटलीत यायचं, वर पातळ चकचकीत पत्र्याचं झाकण. रिकामी बाटली धुऊन परत दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. वाण्याकडची साखर कागदाच्या पुडीत, वर दोरा, तो दोरासुद्धा घरी रिळाला गुंडाळून ठेवायचो. तेलाला आपली किटली. फुलांची पुडी पानात बांधून कडीला अडकवलेली असायची. कचऱ्याच्या डब्यात शेंगांची टरफलं आणि चहाचा चोथा, दुसरं काय असणार? आजच्या पिढीला हे जमू नये असं त्यात काय आहे, मला कळत नाही.

मीनल_डोंबिवली
काका, आदर ठेवून विचारते. त्या बाटल्या धुवायचं कोण? किटली पुसायचं, दोरा गुंडाळायचं, पुड्या सोडून बरण्या भरायचं? तुमच्या आईच ना?

मी सकाळी लोकलला चेंगरून सीएसएमटीला येते, संध्याकाळी परत. ट्रेनमध्ये बसायला मिळालं तर गवार मोडते, नाही मिळालं तर उभ्याने फोनवर मुलाचा अभ्यास घेते. आमच्या स्टेशनबाहेर निवडलेल्या, चिरलेल्या भाज्यांच्या पिशव्या मिळतात. फरसबी, कोबी, सोललेली लसूण, मोड आलेली कडधान्यं. त्या पिशव्यांनी माझ्यासारख्या हजारो बायकांची रात्र वाचवली आहे. त्या विकणाऱ्याही बायकाच, दुपारभर घरी बसून निवडतात. प्लॅस्टिक वाईट आहे हे मान्यच. पण ते काढून टाकल्यावर जे काम उरतं ते कुणाच्या अंगावर पडतं, हे आधी बोलू या.

खवय्या_दादर
मीनलताई, अगदी बरोबर.

गिरगावकर_काका
मीनल, तुझं म्हणणं पटलं. आई पहाटे उठायची. हल्ली आमच्याकडे बाजार मी करतो आणि डबेही मीच धुतो. सूनबाई नोकरी करते. निवृत्त पुरुषांनी हे काम अंगावर घ्यावं, असं मी सोसायटीत उघड सांगत असतो. वेळ आमच्याकडेच आहे.

मीनल_डोंबिवली
काका, आता आवडलं तुमचं बोलणं! तुमच्यासारखे प्रत्येक मजल्यावर एकेक हवेत.

मी एक करते, तेही सांगते. नेहमीच्या भाजीवालीला डबा देऊन ठेवलाय, झाकणाचा, वर नाव लिहिलेला. ती मोड आलेली मटकी आणि चिरलेला कोबी थेट त्यात भरते. दोन डबे आहेत, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. जाता-येता अदलाबदल. तिलाही पिशवीचे पैसे वाचतात.

निनाद_परळ
थोडा विरोधी सूर लावतो. आपण डबे घासून किती फरक पडणार? दुधाच्या पिशव्या, चिप्सची पाकिटं, दहा मिनिटांत घरी येणाऱ्या सामानाची आवरणं, हे सगळं कंपन्यांकडून येतं. कॅरीबॅगची किमान जाडी केंद्राने ३० सप्टेंबर २०२१पासून ७५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) केली, ३१ डिसेंबर २०२२पासून १२०. पातळ पिशव्या तरीही बाजारात आहेत. म्हणजे कुठेतरी त्या बनतायत. तिथे कुलूप लावा, गृहिणींच्या मागे कशाला लागता?

शिवाय कापडी पिशवी पर्यावरणाला फार चांगली, हेही तपासून बघा. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली केलेल्या अभ्यासात सुती पिशवी १३१ वेळा वापरली तर ती एकदाच वापरलेल्या साध्या प्लॅस्टिक पिशवीइतकी ठरते, असा हिशेब होता. कापसाला पाणी, खत, कीटकनाशकं लागतातच. प्रत्येक परिषदेत, प्रत्येक लग्नात वाटलेल्या नव्याकोऱ्या कापडी पिशव्या कपाटात पडून आहेत, त्यांचं काय?

पॉलिमरवाला
निनाद, आकडा बरोबर आहे, पण पूर्ण वाचा. तो हिशेब तापमानवाढीला हातभार लावणाऱ्या वायूंपुरता आहे. नाल्यात जाऊन अडकणं, गाईच्या पोटात जाणं, समुद्रात तुकडे होणं, हे त्यात मोजलेलं नाही. आणि तो नव्या कापसाच्या पिशवीचा आहे. जुन्या धोतराची पिशवी शिवली तर नवा कापूस पिकवावाच लागत नाही. नव्या कापडी पिशव्या वाटायची हौस बंद व्हावी, याला मात्र माझं पूर्ण अनुमोदन.

आता शुभदाताईंच्या सांबाराबद्दल. माझं काम याच धंद्यातलं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या पातळ पिशव्या पॉलिथिनच्या असतात. मऊ असते ती एलडीपीई, चुरचुर आवाज करते ती एचडीपीई. एलडीपीई साधारण ११० अंशांना वितळतं, सांबार शंभराच्या आत असतं, म्हणजे पिशवी वितळत नाही, पण मऊ पडते. खरी काळजी वेगळी. प्लॅस्टिकमध्ये मिसळलेली रसायनं अन्नात उतरण्याचं प्रमाण तीन गोष्टींनी वाढतं: उष्णता, तेल आणि आंबटपणा. सांबारात तिन्ही आहेत. पिशवी रंगीत किंवा काळी असेल तर ती बहुधा पुनर्वापराच्या मालाची, त्यात आधी काय भरलं होतं कुणाला ठाऊक. पुनर्वापरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत तयार अन्न द्यायचं नाही, हा नियम २०१६च्या मूळ प्लॅस्टिक कचरा नियमांतच होता.

तेव्हा क्रम लावायचा तर गरम पदार्थ आधी. तिथे स्टील. दुसरं काही नको. वर्तमानपत्राचा कागदही नको, त्याची शाई अन्नाला लागते आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यात अन्न बांधायला मनाई केली आहे.

सिलिकॉन: चांगल्या दर्जाचं असेल तर २०० अंशांपर्यंत सहज टिकतं, फ्रीझरमध्येही चालतं. पण मसाल्याचा वास धरून ठेवतं आणि महाग आहे. शुभदाताई, तुमच्या घरात झाकणाचे डबे असतील तर गरज नाही.

आणखी दोन गोष्टी. कपड्याच्या दुकानात मिळते ती न विणलेली, कापडासारखी दिसणारी पिशवी पॉलिप्रॉपिलिनची असते. ती प्लॅस्टिकच आहे. आणि ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी औद्योगिक खत प्रकल्पातल्या उष्णतेत कुजते. नाल्यात पडली तर ती इतर पिशव्यांसारखीच तुंबते.

कुर्ल्याची_मुक्ता
निनाद, “किती फरक पडणार” हे वाक्य मला लागलं.

२६ जुलै २००५ला आम्ही मिठी नदीपासून हाकेच्या अंतरावर राहत होतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात समुद्राला भरती. इतक्या पावसात पाणी साचणारच होतं, हे मला मान्य आहे. पण पाऊस थांबल्यावरही आमच्या गल्लीतलं पाणी उतरेना. मग पोरांनी गटाराच्या जाळीत बांबू घालून जे ओढून काढलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे: पिशव्यांचा चिखलात घट्ट बसलेला गठ्ठा, गादीएवढा जाड. तो निघाल्यावर पाणी वळलं. त्या गठ्ठ्यात कोणती पिशवी कंपनीची आणि कोणती घरातली, हे कुणी वेगळं करणार होतं?

कारखान्यांना कुलूप लागलंच पाहिजे. त्यासाठी मी तुमच्याबरोबर मोर्च्यात येईन. पण तोवर माझ्या हातातली पिशवी गटारात जाऊ नये, एवढं मला बघायचं आहे.

निनाद_परळ
मुक्ता, माझा रोख घरच्यांवर सगळा भार टाकण्याविरुद्ध आहे, प्रयत्नांविरुद्ध नाही. तुमचा मुद्दा मान्य.

किराणा_भांडुप
दुकानदाराची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो. पहिल्यांदा पकडलं तर दंड ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. एक किलो साखरेत आम्हाला काय सुटतं, विचारा. पिशवी द्यायला आम्हाला हौस नाही, ती विकतच आणावी लागते. पण गिऱ्हाईक ट्रेनमधून उतरून मोकळ्या हाताने येतं. पिशवी नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातं. हे रोजचं आहे.

ज्यांना खरंच बदल करायचाय त्यांना माझा उपाय सांगतो. सकाळी कामावर जाताना यादी आणि रिकामे डबे-पिशव्या दुकानात ठेवा. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून लिहा, हा डाळीचा, हा रव्याचा. दुपारी आम्हाला सवड असते, भरून ठेवतो. संध्याकाळी उचला. वजनाची काळजी नको, काट्यावर रिकामा डबा ठेवून बटण दाबलं की आकडा शून्यावर येतो, मग माल भरायचा. तुमच्या समोर करून दाखवू. माझ्याकडे काही कुटुंबं असं करतात, आणि मला ते आवडतं, कारण त्यांची उधारी-हिशेबसुद्धा सरळ असतो.

घाईच्या वेळी, सातच्या सुमाराला, पाच डबे घेऊन काउंटरवर येऊ नका. मागे रांग असते.

सायली_कां
हा फार कामाचा प्रतिसाद आहे. आमच्या वाण्याला उद्याच विचारते.

जुई_माहीम
किराणावाले दादा, सुट्टं सामान तुमच्याकडे गोणीतून येतं ना? अर्ध्या किलोची तयार पाकिटं आधीच प्लॅस्टिकमध्ये असतात, ती डब्यात ओतून काय उपयोग?

किराणा_भांडुप
ताई, तांदूळ, गहू, डाळी, साखर, पोहे, रवा गोणीतून. तयार पाकिटं वेगळी. तुम्ही “सुट्टं द्या” एवढं म्हणा, आम्ही गोणी उघडतो. सुट्टं मागणारे वाढले तर आम्ही सुट्टंच ठेवू.

वरळीची_कोळीण
मासळीचं मी सांगते. सध्या बंदी आहे, १ जून ते ३१ जुलै आमच्या मोठ्या होड्या बंद, त्यामुळे आत्ता बाजारात थोडीच मासळी. बंदी उठली की गर्दी होईल, तेव्हा कामाला येईल.

आई बाजारात पाटीवर बसते. पिशवी तिलाही नको असते, ओल्या हाताने ती उघडता उघडत नाही. तुम्ही डबा आणा. उंच नको, पसरट आणा, कडीवाला, झाकणाला रबर असलेला. दोन पापलेटं आडवी राहतील एवढा. आई साफ करून, तुकडे करून थेट त्यात टाकेल. वाटा घेतलात तर बोंबील नि कोलंबी वेगवेगळी ठेवायला आत एखादी वाटी आणा. बर्फाचे खडे मागा, कुणी नाही म्हणत नाही. डबा सरळ पिशवीत ठेवा, ट्रेनमध्ये वरच्या रॅकवर नाही, पायाशी. पाणी गळलं तर डब्यातल्या बायका उतरेपर्यंत बोलत राहतील.

घरी गेल्यावर तोच डबा फ्रिजमध्ये. धुताना आधी गार पाणी, गरम नाही, गरम पाण्याने वास बसतो. मग चिंच किंवा लिंबाची साल.

सुकट, सुके बोंबील काचेच्या बरणीत. पावसात ते सादळले की बुरशी धरतात.

मंदार_ठाणे
पायाशी डबा, हे लिहून घेतलं आहे.

शुभदा_गोरेगाव
वरळीच्या ताई, तुमच्या आईला नमस्कार सांगा. फार नेमकं लिहिलंत.

सादळण्यावरून आठवलं. माझा पावसाळ्याचा प्रश्न राहिलाच. जूनपासून कापडी पिशव्या वाळत नाहीत, कुबट वास येतो. दोरीवर आधीच मुलांचे गणवेश असतात.

जुई_माहीम
पावसाळ्यात सुती पिशव्या कमी, डबे जास्त. पालेभाजी तशीही या दिवसांत चिखलाचीच येते. मलमल पातळ असते म्हणून पंख्याखाली रात्रीत वाळते. जाड कॅनव्हासची पिशवी मात्र ऑक्टोबरपर्यंत विसरा. महिन्यातून एकदा उकळत्या पाण्यात सोडा घालून काढा, कुबट वास जातो.

बाजाराला जुन्या नायलॉनच्या किंवा जॉर्जेटच्या साडीची पिशवी शिवा. झटकली की पाणी निघतं, घडी मुठीत मावते. आमच्याकडे अशा साड्या बोहारणीला देऊन पातेलं घ्यायची पद्धत होती. आता आधी दोन पिशव्या कापून घेते, उरलेली देते.

पॉलिमरवाला
जुईताई, नायलॉन हेही प्लॅस्टिकच, पण घरात आधीच आलेलं आणि वर्षानुवर्षं टिकणारं. ते वापरून संपवणं योग्यच. फक्त ओलं किंवा गरम अन्न थेट त्यात नको.

स्मिता_बोरिवली
मधमाशीच्या मेणाचं कापड कुणी वापरलंय का? वाडग्यावर झाकायला मिळतं.

सायली_कां
मी वापरते. अर्धा लिंबू, कापलेला कांदा, चीज यांना चांगलं. हाताच्या उबेने वाकतं आणि चिकटतं. गरम पदार्थांवर अजिबात नाही, मेण वितळतं. धुवायला गारच पाणी. मे महिन्यात ओट्यावर ठेवलं तर चिकट होतं, त्यामुळे फ्रिजमध्येच ठेवते. आमचे जैन शेजारी मध-मेण काही वापरत नाहीत, त्यांनी वाडग्यावर सरळ ताटली ठेवली. तीही पुरते.

खवय्या_दादर
ताटलीसारखं झाकण नाही.

मंदार_ठाणे
मूळ प्रश्नाला जोडून: पिशव्या बंद केल्यावर कचऱ्याच्या डब्यात काय घालायचं? आमच्या घरातल्या विरोधाचं हे पहिलं कारण आहे.

गिरगावकर_काका
ओल्या कचऱ्याच्या बादलीला अस्तर लागत नाही. सिंकमध्ये जाळीची टोपली ठेवायची, पाणी निथळलं की मग बादलीत. रोज रिकामी करून धुवायची. पावसात तळाला कागद किंवा नारळाच्या शेंड्या. ओला कचरा पिशवीत बांधून दिला की ती पिशवी खतात जाते, मग ती फोडून वेगळी करायचं काम सफाई कामगाराच्या हाताला. देवनारला १९२७पासून ही मुंबई कचरा टाकत आली आहे. निदान आपली पिशवी तिथे जाऊ नये.

कुर्ल्याची_मुक्ता
काका, १०० टक्के. आणि दुधाच्या पिशव्यांचं: कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा कधीच गोळा होत नाही. पिशवी धुऊन, वाळवून भंगारवाल्याला द्या, तो घेतो. आमच्याकडे कचरा वेचणाऱ्या मावशी सांगतात, दुधाच्या पिशवीला भाव आहे. सांबाराच्या तेलकट पातळ पिशवीला कुणी हात लावत नाही, वजनच भरत नाही तिचं.

निनाद_परळ
दुधाच्या पिशव्या दुकानात परत घ्यायची योजना २०१८च्या बंदीत होती, पिशवीवर परताव्याची किंमत छापायची अट होती. ती नीट राबवा, अशी मागणी आपण या धाग्यातून का करू नये? पत्राचा मसुदा मी लिहितो. सोसायट्यांच्या सह्या घेऊ.

कुर्ल्याची_मुक्ता
लिहा. आमच्या इमारतीच्या सह्या मी आणते.

मीनल_डोंबिवली
आमच्या पण.

शुभदा_गोरेगाव
सगळ्यांचे आभार. मी असं ठरवते आहे. सिलिकॉन घेणार नाही. कोथिंबिरीसाठी मलमल शिवते, सासऱ्यांची दोन धोतरं आहेत. फ्रीझरला सायलीचे उथळ डबे. वाण्याकडे सकाळी डबे ठेवायचं बोलले, तो आधी हसला, मग म्हणाला ठेवा. आणि बाजार-डबे धुणं यात नवऱ्याचा आठवडा आणि माझा आठवडा, हे मीनलताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवून ठरवून घेतलं.

एकच अडलंय. सांबाराला स्टीलचा डबा घेऊन गेले तर काउंटरवरचा म्हणाला, “माप पिशवीचं आहे, डब्यात किती घालायचं मला कळत नाही.”

खवय्या_दादर
मी नेहमी नेतो, म्हणून सांगतो. डबा देताना “एक पार्सल” म्हणू नका, “दोन वाट्या सांबार, एक वाटी चटणी” म्हणा. त्यांच्याकडे टेबलावर द्यायच्या वाट्या असतात, त्याच मापाने घालतात. उभा दोन खणांचा डबा न्या, खाली सांबार, वर इडल्या. आतला खण उचलून दाखवा म्हणजे त्याला कळतं कुठे काय. सकाळी साडेआठच्या आत गेलात तर तो घाईत नसतो, आणि एकदा त्याला तुमचा डबा ओळखीचा झाला की पुढच्या वेळी काही सांगावं लागत नाही.

शुभदा_गोरेगाव
दोन खणांचा आहे माझ्याकडे. रविवारी नेते. चटणीला तिसरी छोटी डबी चालेल ना?

खवय्या_दादर
चालेल. फिरकीच्या झाकणाची न्या, चटणी पातळ असते.